पासंग

कॅप्लिन आर्म, न्यूफाउंडलंड
९ ऑक्टोबर १९७१

प्रिय थेल्मा,

एका ताटाची खरी किंमत काय पडते ते कळवतो. ताटात खाऱ्या मांसाचे दोन तुकडे, कोबी, सलगम, बटाटे आणि वर त्याच भांड्यातलं दोन पळ्या पाणी. ताट फुकटच आलं होतं. पोस्टातल्या एफीने रविवारी तुझ्या बापाला प्रेमाने आणून दिलं. त्याची वसुली पुढे झाली. सोमवारी त्याच्या पायात बूट चढेनात. मंगळवारी तो पलंगावरून उठून स्वयंपाकघरातल्या बाकावर येऊन बसला आणि बसूनच राहिला. बुधवारी त्याच्या छातीत किटलीला आधण आल्यासारखा आवाज सुरू झाला. मग चार माणसांनी त्याला खुर्चीसकट उचलून धक्क्यावर आणलं. पुढे माझी बोट, समोरून वारा, पलीकडच्या हार्बर गावातल्या दवाखान्यातल्या नर्सचा अख्खा दिवस, आणि तुझ्या बापाची उरलीसुरली अब्रू, कारण सुई टोचल्यावर तिने त्याच्या हातात सगळ्यांदेखत लघवीचं भांडं दिलं आणि ते तीनदा भरलं. एवढ्यात तर एफीने गावजेवण घातलं असतं.

आता तो घरी आहे, बरा आहे, जिभेची धार परत आली आहे.

गंमत ऐक. नर्सने विचारलं, "मिस्टर लिअँडर पार्डी, मीठ खाता का?" हा म्हणतो, "जूनमध्ये झटका आला तेव्हापासून मिठाला शिवलो नाही बाई." आणि हे खोटं नाही! मिठाची बाटली त्याने खरंच उपडी करून फडताळात ठेवली आहे. खाऱ्या मांसाला तो मीठ म्हणतच नाही, मांस म्हणतो. एफीला झापलं तर ती उलट माझ्यावरच आली. "रात्रभर भिजत घातलं होतं सेल्बी, पाणी दोनदा बदललं, त्यात आता मीठ कुठलं?" या बाईला समुद्र भिजत घालायला दिला तरी गोड झाला म्हणून सांगेल.

मी एक केलं. तुझ्या बापाच्या घरातली खाऱ्या मांसाची बादली उचलून माझ्या घरी आणली. अन्न टाकणं पाप, म्हणून रोज थोडं थोडं मीच संपवतो आहे. तुझ्यासाठी एवढं तर करायलाच हवं.

नर्स महिन्याने परत येईल. मधल्या दिवसांत नजर कोणी ठेवायची? मी ठेवतो. नवव्या वर्षी दुसऱ्याच्या धक्क्यावर मासे चिरायला लागलो, आज धक्का माझा, दुकान माझं, काटा माझा, आणि त्या काट्यावर आजवर कोणाची बोट ठेवायची छाती झाली नाही. तू टोरांटोला हृदयाच्या वॉर्डात दिवसभर हेच करतेस ना? मग काय बघायचं, कसं मोजायचं ते सविस्तर लिही. फोन मात्र करू नकोस. फोन एफीच्या पोस्टात आहे आणि एफीला कान दोन असले तरी तोंडं पाच-सहा आहेत.

मध्येच उठून दारात जाऊन आलो. हल्ली दुकानात हवाच येत नाही.

तुझा,
सेल्बी काका


टोरांटो
२१ ऑक्टोबर १९७१

प्रिय सेल्बी काका,

पत्र वॉर्डात वाचलं, आधी हसले, मग भांड्यांच्या खोलीत जाऊन रडले. तुम्ही नसता तर बाबांना कोणी खुर्चीसकट उचललं असतं?

आता ऐका, हे तुमच्या धंद्यातलंच आहे, मोजायचं आणि पारखायचं. बाबांचं हृदय म्हणजे थकलेला पंप. तो कमी पडला की पाणी आधी पायांत उतरतं आणि मग छातीत चढतं. आपल्याला ते पायांत असतानाच पकडायचं. म्हणून रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, न्याहारीच्या आधी, तेच कपडे, तोच काटा. एका दिवसात दोन पौंड वाढले तर ते चरबीने नव्हे, पाण्याने. लगेच नर्सला निरोप पाठवायचा.

श्वास मोजाल तेव्हा त्यांना सांगू नका. मनगट धरा, नाडी बघतोय असं भासवा आणि डोळे छातीवर ठेवा. श्वास मोजताहेत हे कळलं की माणूस चर्चमध्ये बसल्यासारखा शहाणपणाने श्वास घेतो.

उशा किती घेतात ते विचारा. आडवं पडल्यावर दम लागतो म्हणून माणूस एकाच्या दोन करतो, दोनाच्या तीन, आणि त्याला स्वतःलाच ते कळत नाही.

आणि पाय. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरा आणि सोडा. खड्डा पडतो का, पडला तर किती वेळ राहतो, ते बघा. अंगठ्याला सवय हवी म्हणून आधी एखाद्या निरोगी माणसावर करून बघा, मग बाबांवर.

खोलीच्या खिडकीशी बसून लिहितेय, पण कान तिकडेच आहेत. इथे सोळा जणांचे श्वास मी मोजते आणि माझ्या बापाचा एकही ऐकू येत नाही. लवकर लिहा.

तुमची,
थेल्मा


कॅप्लिन आर्म
१ नोव्हेंबर १९७१

प्रिय थेल्मा,

कामाला लागलो आहे. तुझा बाप मासळीच्या काट्यावर उभा राहायला तयार नव्हता. म्हणाला, "सेल, मी कॉड नाही." म्हटलं, "कॉड असतास तर तुला तिसऱ्या प्रतीत काढला असता, चढ मुकाट्याने." चढला. एकशे अठ्ठावन्न पौंड. रोज तेवढाच, एका औंसाचा फरक नाही.

पण मी जुना तोलणारा आहे. कुठलाही काटा हातात आला की आधी पासंग काढायचा. रिकाम्या पारड्यातच खोट असेल तर पुढचं सगळं तोलणं खोटं. म्हणून तू सांगितलंस तसं आधी निरोगी माणसावर केलं, आणि निरोगी माणूस शोधायला मला लांब जावं लागलं नाही. स्वतःचीच विजार वर केली. अंगठा दाबला, नखापर्यंत आत गेला, सोडला आणि प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो, म्हणजे वेळेचा अंदाज राहतो. 'आमची रोजची भाकर' पर्यंत, म्हणजे निम्मी प्रार्थना होईतो, खड्डा जागच्या जागी. हे झालं निरोगी माप. मग तुझ्या बापावर. त्याचा प्रार्थनेचं पहिलंच 'हे आमच्या' म्हणतो न म्हणतो तोच भरून आला! म्हणजे तुझा बाप निरोगी माणसापेक्षाही निरोगी आहे. नर्सला उगाच पळवली.

श्वासाचंही तेच. त्याचे मिनिटाला अठरा. माझे, नुसता बसल्या जागी, अठ्ठावीस. मोठं इंजिन जास्त हवा खातं, यात नवल काय.

उशा त्याला दोन लागतात. मला एकही लागत नाही. मी ऑगस्टपासून दुकानातल्या खुर्चीतच झोपतो, शेगडीजवळ. माझ्या झोपायच्या खोलीचं छत बैठं आहे, आडवं पडलं की छत छातीवर उतरल्यासारखं वाटतं. शिवाय चोरांवर नजर राहते. आर्ममध्ये चोर नाहीत हे मान्य, पण नजर आहे म्हणूनच नसतील.

आणि वजन म्हणशील तर मी एकशे बहात्तर. गेल्या वर्षीपेक्षा कितीतरी वर, आणि एका कणाची चरबी नाही, सगळं भरीव. चौसष्टाव्या वर्षी माणसं सुकत जातात, मी भरत चाललोय. तुझा बाप थोरला खरा, पण आता तो माझ्या पासंगालाही पुरायचा नाही. हे त्याला तोंडावर सांगितलं. तो नुसता माझ्या पायांकडे बघत राहिला.

एक व्यापारी तक्रार. या वर्षी रबरी बुटांच्या कारखान्याने मापात लबाडी केली आहे. दहा नंबर आठ नंबरासारखा येतो. माझे स्वतःचे जुनेसुद्धा आटले. कारखान्याला कडक पत्र लिहिलंय.

खारं मांस निम्म्यावर आलं. तुझा बाप सुरक्षित आहे.

तुझा,
सेल्बी काका


टोरांटो
१० नोव्हेंबर १९७१

सेल्बी काका,

हे पत्र उभ्या उभ्या वाचा आणि मग खाली बसा.

चूक माझी झाली. निरोगी पाय कसा असतो ते मी लिहिलंच नाही. निरोगी नडगीवर खड्डा पडत नाही, काका. पडतच नाही. रबरी बूट आटत नसतात. बसल्या जागी अठ्ठावीस श्वास कुठल्याच इंजिनाला शोभत नाहीत. छत खाली उतरत नसतं. आडवं पडलं की छातीत पाणी चढतं, म्हणून तुम्ही ऑगस्टपासून खुर्चीत आहात. तुमच्या पत्रात एक आजारी माणूस आहे आणि तो माझा बाप नाही.

ते मांस आजच्या आज बंद करा. हार्बरच्या नर्सकडे जा. जाल ना? मला पत्राची वाट बघवत नाही, उद्या फोन करते आहे, एफीला ऐकू दे नाहीतर ऐकून मरू दे.

थेल्मा


कॅप्लिन आर्म
१९ नोव्हेंबर १९७१

थेल्मा,

फोन करू नकोस म्हटलं होतं. केलास. आता फळ ऐक.

मी धक्क्यावर होतो. एफीने पोस्टाच्या दारातून अख्ख्या खाडीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "सेल्बीऽऽ, टोरांटोहून थेल्मा म्हणतेय तुझं हृदय बंद पडत चाललंय!" लगेच तीन बायका सूप घेऊन आल्या. धर्मोपदेशक आला आणि कबरीसाठी टेकडीवरची जागा कोरडी की खालची, याची चौकशी करून गेला. आणि दुसऱ्या दिवशी दोन गिऱ्हाइकांनी हिवाळ्याचं पीठ आणि मोलॅसिस हार्बरहून भरलं. हे मला लागलं. या गावाचा हिवाळा माझ्या दुकानावर उभा असतो. दुकानदार आडवा झाला असं एकदा कानोकानी गेलं की वसंतात परत उघडायला दुकान उरत नाही. माझ्या डोळ्यांसमोर अशी दोन दुकानं गेली आहेत. त्यातलं एक मीच घेतलं.

आणि मी आजारी नाही. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं तसं तुझं झालं आहे. वॉर्डात हृदयंच बघतेस, तुला बूटसुद्धा हृदयाचे वाटतात. पाय सुजतात कारण चाळीस वर्षं गल्ल्यामागे उभा आहे. दम लागतो कारण दुकान चढावर आहे. आजारी माणूस वाळतो, मी एकशे शहात्तर झालो. काटा खोटं बोलत नाही.

नर्स आली होती तुझ्या बापाला बघायला. माझ्याकडे वळली तशी मला गोदामात काम निघालं.

तुझा बाप ठीक. एकशे अठ्ठावन्न.

सेल्बी


टोरांटो
२७ नोव्हेंबर १९७१

प्रिय काका,

तुमचं बरोबर आहे. माणूस न बघता, नुसत्या पत्रावरून निदान करणं हा माझा आगाऊपणा झाला. आमच्या हेड नर्सनेही मला हेच सुनावलं. फोनचा विषय संपला, क्षमा करा.

आता बाबांबद्दल. त्यांचं वजन इतके दिवस एका औंसाने हललेलं नाही, हे मला खटकतंय. हृदयाची गोळी अंगात जास्त साठली की असं होतं की काय, ते तपासायला हवं. सेंट जॉन्सच्या इस्पितळात माझी मैत्रीण रोझलीन नर्स आहे, तिच्याशी बोलले आहे. डिसेंबरच्या शेवटच्या बोटीने बाबांना तिथे पोचवायला हवं, नंतर बर्फ धरला की वसंतापर्यंत रस्ता बंद. पण बाबा एकटे जाणार नाहीत. शहरात ते रस्ता ओलांडताना टोपी काढून गाड्यांना नमस्कार करतात, तुम्हाला माहीत आहे. त्यांना नेईल असा माणूस आर्ममध्ये एकच आहे.

गावाला सांगा की लिअँडरला घेऊन जातोय. खरंच तर आहे ते. दुकान एफीवर सोपवा, उधारीवाल्यांना तिच्याइतकं कोणीच ओळखत नाही.

आणि इस्पितळात बाबा काट्यावर चढायला लाजतील. तुम्ही आधी चढा, म्हणजे ते चढतील. अंगठ्याचंही तसंच, आधी तुमच्यावर करू द्या. पासंग काढल्याशिवाय तोलायचं नाही, हे तुमचंच म्हणणं.

करणार ना एवढं? पाय एका जागी ठरत नाही माझा. दिवसातून चारदा हवामानाच्या बातम्या ऐकतेय.

तुमची,
थेल्मा


कॅप्लिन आर्म
८ डिसेंबर १९७१

प्रिय थेल्मा,

आता कसं शहाण्यासारखं लिहिलंस. नेतो तुझ्या बापाला. गावात सांगून टाकलं, "लिअँडरचं काही खरं नाही, मलाच धावपळ करायला हवी." सगळे हळहळले. लिअँडर शेजारीच उभा राहून लाकडं फोडत होता, तोही हळहळला.

बोट उद्या येईल म्हणतात. काल पण उद्या येईल म्हणत होते. खाडीच्या तोंडाशी बर्फाचा पातळ पापुद्रा धरायला लागला आहे, वारा फिरला तर कप्तान आत शिरायचाच नाही, बाहेरूनच भोंगा देऊन निघून जाईल. मी सकाळपासून कितव्यांदा दारात जातो ते आता मोजणं सोडलं. बसवत नाही, उभं राहवत नाही, आत गुदमरतं, बाहेर गारठतं. हे लिहितोय तेही तुकड्यातुकड्याने. एका ओळीनंतर उठतो.

तुझ्या बापाची पेटी धक्क्यावर मीच नेत होतो. वाटेत तीनदा थांबलो. तो पुढे जाऊन माझ्यासाठी थांबला आणि म्हणाला, "सेल, म्हातारपणी तुला भलताच देखाव्यांचा नाद लागला." म्हटलं, "चाळीस वर्षं राबलो, आता चार घटका समुद्र बघू नको?" त्याने पेटी माझ्या हातातून काढून घेतली. आजाऱ्याने पेटी उचलायची आणि सोबत्याने नाही, लोक काय म्हणतील! पण तोवर तो निघूनही गेला होता.

माझे बूट होत नाहीत म्हणून त्याचे कापडी जोडे घातले आहेत, नाड्या सैल सोडून. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलं. एकशे ऐंशी! तुझ्या बापाच्या बावीस पौंड वर. वडील म्हणायचे, सेल्बीच्या हाडाला मांस धरत नाही. असते तर दाखवलं असतं.

भोंगा वाजला वाटतं. नाही, एफीची गाय.

तुझा,
सेल्बी काका


सेंट जॉन्स
१४ डिसेंबर १९७१

पोरी,

मी लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तुझी आईसुद्धा माझ्या दोनच पत्रांवर जगली. पण हे सेल लिहू शकत नाही, म्हणून मी.

तुझी वेगळी चिठ्ठी मिळाली होती. एफीने हातात दिली, आणि माझ्या माहितीत पहिल्यांदाच तिने कोणाला काही सांगितलं नाही. मला ते आधीपासून दिसत होतं. माझे पाय असेच होते जूनमध्ये. पण सेलला सांगून काही पटत नाही, त्याला काहीतरी काम नेमून द्यावं लागतं. म्हणून मी आजारी झालो.

बोटीवर पहिला दिवस बरा गेला. तो सगळ्यांना माझी तब्येत सांगत हिंडत होता. दुसऱ्या दिवशी जेवणात खारं मांस होतं. मी नको म्हटलं, त्याने दोघांचं खाल्लं. दुपारी समुद्र खवळला. बोटीवरचा कारभारी सेलला म्हणाला, "मिस्टर पार्डी, तुमचा रंग उडालाय, जरा पडा." चार माणसं बघत होती, म्हणून तो पडला. सपाट. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

थेल्मा, तो बुडायला लागला. कोरड्या केबिनमध्ये. ओठ निळे, तोंडाशी गुलाबी फेस, आणि डोळे असे की मला आमचा धाकटा भाऊ आठवला, जो धक्क्यावरून पडला होता. उठायला बघत होता आणि कारभारी त्याला खांद्यांनी दाबून धरत होता. कप्तान आला. म्हणाला, पाय उशीवर घ्या, पांघरुणं घाला, रम पाजा.

मी आयुष्यात कप्तानावर आवाज चढवला नव्हता. "बसवा त्याला!" मी ओरडलो. "पाय खाली सोडा! रम तुम्ही प्या!" कप्तान म्हणाला, "तुम्ही डॉक्टर आहात का?" म्हटलं, "नाही, मी हे मरण मेलेलो आहे." मग आम्ही त्याला बंकच्या काठावर बसवलं, पाय लोंबते सोडले, कॉलर फाडली, गोल खिडकी उघडली. पाणी आत उडत होतं तरी उघडी ठेवली. त्याला सरळ बसवेना, म्हणून मी मागे बंकवर चढून त्याच्या पाठीला पाठ लावून बसलो. पुढच्या बंदराचा डॉक्टर बोटीवर चढेपर्यंत तसाच. त्याची प्रत्येक धाप माझ्या पाठीत कळत होती. मोजायची गरज नव्हती.

डॉक्टरने सुया दिल्या. इथे धक्क्यावर रोझलीन चाकाची खुर्ची घेऊन उभी होती. सेल तशा अवस्थेतही म्हणाला, "आजारी पार्डी तो मागचा." ती म्हणाली, "हो का? मग तुम्ही जरा त्यांचा पासंग काढायला बसा." बसला. इतका थकला होता की हसलासुद्धा नाही.

पहिल्या रात्री डॉक्टर काही बोलायला तयार नव्हता. आज म्हणाला, बघू. रोझलीन म्हणते, बघू म्हणाला म्हणजे चांगलं. तसंच असतं का? तू सांग.

तुझा बाप


सेंट जॉन्स
६ जानेवारी १९७२

प्रिय थेल्मा,

तू मला फसवलंस. तुझ्या बापाने फसवलं, एफीने फसवलं आणि त्या रोझलीनने तर धक्क्यावर सगळ्यांसमोर फसवलं. साऱ्या बेटावर सेल्बी पार्डीला कोणी चार औंसांना फसवू शकलं नव्हतं. तुम्ही चौघांनी अख्खाच्या अख्खा उचलला.

खाटेवर बसून लिहितोय, पाठीशी तीन उशा. चार होत्या. उशी कमी झाली की इथे बढती झाल्यासारखं वाटतं. माझ्या बाजूच्या खाटेवर एक बोनाव्हिस्टाचा म्हातारा आहे, तो अजून पाचावर आहे. आम्ही एकमेकांच्या उशा मोजतो.

रोझलीन बाई नाही, जकातदार आहे. आत जाणारा प्रत्येक घोट आणि बाहेर येणारा प्रत्येक थेंब मापून घेते. दिवसाचं पाणी एका तांब्यात ठरलेलं. ते सकाळीच पिऊन टाकलं तर संध्याकाळी ओठ चाटत बसा. नाताळाला उकडलेला बटाटा दिला, मिठाशिवाय. म्हटलं, "बाई, याला काही चवच नाही." म्हणाली, "ही बटाट्याची चव आहे मिस्टर पार्डी, तुमची दोघांची आत्ता ओळख होते आहे." गोळी देण्याआधी कानात नळी घालून माझं हृदय पूर्ण मिनिटभर ऐकते. साठाच्या खाली ठोके आले तर गोळी परत नेते. एवढं लक्ष देऊन माझं कोणी आजवर ऐकलं नव्हतं, आणि बोलत होतो तो मी नव्हतोच.

माझे कान अजून शाबूत आहेत. परवा दाराबाहेर नवी मुलगी विचारत होती, "हा कुठला पार्डी?" रोझलीन म्हणाली, "जो सांभाळायला आला होता तो." दोघी हसल्या. मीही हसलो, पण आतल्या आत, कारण मोठ्याने हसलं की अजून खोकला येतो.

अंगठ्याची परीक्षा ती रोज घेते. तिला प्रार्थनेचं माप शिकवलं. पहिल्या आठवड्यात खड्डा 'आमेन' ओलांडून जायचा, मग रोज एकेक ओळ मागे येत गेला. आता 'हे आमच्या' म्हणेपर्यंत पाय सपाट. नडगीचं हाड दिसायला लागलं आहे. कैक दिवसांनी भेटलं, ओळखायला वेळ लागला.

हृदय पूर्ववत होणार नाही असं डॉक्टर म्हणाला. गोळ्या कायमच्या, काटा रोजचा, मांस बंद. मी विचारलं, "किती वर्षं?" तो छताकडे बघायला लागला. तुला विचारत नाही. तू खरं सांगशील.

बर्फ धरला, आता एप्रिलपर्यंत दोघंही इथेच. लिअँडर चुलत बहिणीकडे उतरला आहे, रोज येतो, खुर्ची ओढतो आणि बसतो. काल मी खोकायला लागलो तेव्हा उठून खाटेवर चढला आणि पाठीला पाठ लावून बसला. रोझलीनने पाहिलं, तिने काही मापलं नाही.

एफीचं पत्र आलं. आता मी आडवा झाल्याचं सगळ्या गावाला माहीत आहे, तरी हार्बरहून पीठ आणणारे दोघे परत आले, कारण एफीच्या तोंडाला हार्बरसुद्धा घाबरतं. दुकान चालतं आहे.

आज सकाळी रोझलीनने आम्हा दोघांना एकाच काट्यावर, एकामागून एक उभं केलं. हा मासळीचा नव्हे, इस्पितळाचा काटा. मी आधी पासंग तपासून घेतला, खोट नाही.

माझ्या अंगातून एकतीस पौंड पाणी निघालं. मी एकशे एकोणपन्नास. लिअँडर एकशे अठ्ठावन्न.

तुझा,
सेल्बी काका